बघण्यासारखे काही नाही म्हणून वगळलेल्या दोन चटयांच्या घरासाठी खुले पत्र

प्रति,
ठाण्यातून जपानच्या सहली नेणाऱ्या प्रवासी संस्थांचे संचालक,
आणि त्या सहलींना जाणारे माझे ठाणेकर सहप्रवासी,

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात राहते. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात चौतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी २०१८ मध्ये निवृत्त झाले. गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे यजमान आपल्यापैकीच एका संस्थेबरोबर जपानला जाऊन आलो. त्या सहलीत नागासाकी होते आणि खरे सांगायचे तर केवळ त्यासाठीच आम्ही ती सहल निवडली होती. यंदाचे पत्रक गेल्या आठवड्यात घरी आले. त्यातून नागासाकी काढून टाकले आहे. त्या दीड दिवसाच्या जागी ओसाकातील एक मनोरंजन उद्यान आणि खरेदीसाठी मोकळा वेळ आला आहे. मी कार्यालयात जाऊन कारण विचारले, तेव्हा मला अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले की नागासाकीला मागणी नाही, ज्येष्ठ मंडळींना सुट्टीत बॉम्बच्या जागा नको वाटतात, आणि "मॅडम, तुम्ही म्हणता ते घर म्हणजे एवढीशी खोली आहे, तिथे बघण्यासारखे काही नाही." हेच वाक्य मी गेल्या वर्षी नागासाकीत बसमध्ये ऐकले होते. दुसऱ्यांदा ऐकल्यावर गप्प बसणे मला जमले नाही. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण शहरातील आणखी तीन संस्थांची पत्रके मी मागवून वाचली आणि त्यांतही नागासाकी सापडले नाही. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे.

ज्या घराविषयी मी लिहिते आहे, ते डॉ. ताकाशी नागाई यांचे. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. नागाई यांचा जन्म १९०८ चा. नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. पदवीच्या सुमारास कानाच्या आजाराने एका कानाला ऐकू येईनासे झाले, स्टेथोस्कोप लावून काम करणे अवघड झाले, आणि त्यामुळे ते क्ष-किरणांच्या शाखेकडे वळले. युद्धकाळात एक्स-रेच्या फिल्म मिळेनाशा झाल्या, तरी क्षयाच्या रुग्णांची तपासणी थांबवता येत नव्हती. तेव्हा फिल्मशिवाय, थेट पडद्यावर पाहून, म्हणजे आम्ही विभागात ज्याला नुसते 'स्क्रीनिंग' म्हणायचो त्या पद्धतीने, त्यांनी असंख्य छात्या तपासल्या. जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि फार तर तीन वर्षे हाती आहेत असे सांगण्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, नागासाकीच्या उराकामी भागावर अणुबॉम्ब पडला. त्या बॉम्बने १९४५ च्या अखेरीपर्यंत नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली. नागाई स्फोटकेंद्रापासून सुमारे सातशे मीटरवर महाविद्यालयाच्या इमारतीत होते. कानशिलाजवळची रक्तवाहिनी तुटलेली असताना ते जखमींवर उपचार करत राहिले. घरी पोहोचले, तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी पत्नी मिदोरीची जळालेली हाडे आणि तिची वितळलेली जपमाळ एवढेच उरले होते. मुलगा माकोतो आणि धाकटी कायानो आजीबरोबर गावाबाहेर होती म्हणून वाचली.

१९४६ च्या उन्हाळ्यात नागाईंनी अंथरूण धरले, ते कायमचे. १९४८ मध्ये शेजारच्या लोकांनी त्यांना एक लाकडी खोली बांधून दिली, दोन तातामींची. तातामी म्हणजे गवताची जाड चटई, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. आम्हा ठाणेकरांना सगळे चौरस फुटांत सांगावे लागते, म्हणून हिशेब करून सांगते : छत्तीस चौरस फूट. त्या छत्तीस चौरस फुटांत एक मरणासन्न माणूस आणि दोन लहान मुले राहिली. खोलीला त्यांनी 'न्योकोदो' असे नाव दिले. आपल्यावर करावे तसेच प्रेम शेजाऱ्यावर कर, या बायबलमधील वचनातून ते घेतले आहे. तिथे पाठीवर पडून, छातीवर लेखनाची फळी धरून, त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. युद्ध नको, हीच त्यांतली मागणी होती. नागासाकीच्या घंटेविषयीचे त्यांचे गाजलेले पुस्तक त्याआधीच, १९४६ मध्ये, लिहून झाले होते. पण जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी सैन्याच्या परवानगीसाठी ते अडकले आणि १९४९ मध्ये छापले गेले, तेही जपानी सैन्याने मनिलात केलेल्या अत्याचारांचा वृत्तान्त सोबत जोडण्याच्या अटीवर. १९४८ मध्ये हेलन केलर त्यांना भेटायला या खोलीत आल्या. १ मे १९५१ रोजी, त्रेचाळीस वर्षांचे असताना, नागाई गेले.

माझा या घराशी संबंध काय, हेही सांगायला हवे. १९८४ मध्ये मी विभागात रुजू झाले, तेव्हा आमचे वरिष्ठ बेरियमच्या तपासण्या काळोख्या खोलीत पडद्यावर करायचे. अंधारात डोळे सरावावेत म्हणून आधी वीस-वीस मिनिटे लाल काचांचा चष्मा लावून बसायचे. त्यांच्या उजव्या हाताची कातडी सुकून चिरा पडलेली होती, नखे वेडीवाकडी झाली होती. "हे आमच्या पिढीचे आहे, तुमचे होऊ देऊ नका," असे म्हणून ते आमच्या अंगावर शिशाचा एप्रन स्वतः चढवत. कॉलरला टीएलडी बॅज लावल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नसत. तो बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचा आणि किती किरणे अंगात गेली त्याचा आकडा यायचा. १९८९ मध्ये, मुलीच्या वेळी, त्यांनी मला पहिल्याच महिन्यात नोंदणीच्या टेबलावर बसवले. मी रडले, कारण मला वाटले कामावरून काढले. त्याच दिवशी त्यांनी मला नागाई हे नाव प्रथम सांगितले. आमच्या या कामात जे नियम आज भिंतीवर लावलेले असतात, ते कोणाच्या तरी अंगावर लिहून मगच भिंतीवर आले आहेत, आणि त्या माणसांत हा एक डॉक्टर होता. पुढे मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. त्यांचे सगळेच मला पटले असे नाही. उराकामीत मेलेल्यांना त्यांनी देवाला अर्पिलेला बळी मानले. त्या विचारावर जपानमध्येही पुष्कळ टीका झाली आहे आणि बॉम्ब टाकणाऱ्यांची जबाबदारी त्यात पुसली जाते, असे मलाही वाटते. पण पटो न पटो, त्या खोलीपुढे एकदा उभे राहायचे, हे मनात होते.

आता सहलीचे. प्रवासापूर्वीच्या बैठकीत जो छापील कार्यक्रम आमच्या हाती दिला, त्यात सातव्या दिवशी 'शांती उद्यान, अणुबॉम्ब संग्रहालय, डॉ. नागाई यांचे घर' असे स्पष्ट छापलेले होते. त्यावर मी पेन्सिलने खूण केली होती. सातव्या दिवशी आम्ही अठ्ठावीस जण शांती उद्यानात उतरलो. तिथल्या सुमारे दहा मीटर उंचीच्या निळसर पुतळ्यापुढे सगळ्यांचे फोटो झाले. एक हात आकाशाकडे, एक आडवा, अशी त्याची मुद्रा करून मंडळींनी एकेकट्याचेही फोटो काढले. चाळीस मिनिटे झाली. संग्रहालयात पाऊण तास. मग इंडियन जेवणासाठी बस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, जेवणाला येऊन-जाऊन दोन तास लागले आणि तिथून बस थेट एका मोठ्या दुकानाशी थांबली. मी विचारले तेव्हा टूर मॅनेजर माइकवर म्हणाले, "ते घर फार लहान आहे, बाहेरूनच बघायचे असते, बघण्यासारखे काही नाही, त्याऐवजी इथे एक तास जास्त देतो." बसमध्ये टाळ्या वाजल्या. ते टूर मॅनेजर मेहनती, पंचविशीतले, दिवसभर आमच्या बॅगा मोजणारे. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. ते घर शांती उद्यानाच्या पुतळ्यापासून एक किलोमीटरही दूर नाही.

दुसऱ्या दिवशी बस साडेदहाला निघणार होती. आम्ही दोघे सातला हॉटेलबाहेर पडलो, स्टेशनसमोरून आकासाकोकडे जाणारी ट्राम पकडली, ओहाशीला उतरलो आणि चढाच्या रस्त्याने विचारत विचारत गेलो. एका बाईंनी आमच्या हातातला कागद वाचला, काही न बोलता आमच्यापुढे चालू लागल्या आणि थेट खोलीपाशी नेऊन, वाकून नमस्कार करून, परत फिरल्या. आठच्या सुमाराची वेळ होती. दुसरे कोणीही नव्हते.

खोली खरोखरच एवढीशी आहे. हे म्हणाले, "अगं, आपली देवघराची खोलीसुद्धा याहून मोठी आहे." मी अंदाज घेऊ लागले की अंथरूण कुठे असेल, मुले कुठे निजत असतील, पाय लांब केले तर कुणाचे डोके कुठे येईल. नागाईंनीच लिहून ठेवलेली एक गोष्ट मला तेव्हा आठवली. आजाराने त्यांची प्लीहा इतकी सुजली होती की मुलाने अंगावर झेप घेतली तर ती फुटण्याची भीती होती, म्हणून मुलांना जवळ घेणे त्यांनी बंद केले होते. एकदा ते झोपले आहेत असे समजून लहानगी कायानो हळूच आली, आपला गाल त्यांच्या गालाला लावला आणि स्वतःशीच पुटपुटली, बाबांचा वास. ते जागे होते आणि डोळे मिटून तसेच पडून राहिले. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, तेव्हा ती मला एखाद्या मोठ्या घरात घडल्यासारखी वाटत होती, मुलगी दुसऱ्या खोलीतून आली असेल असे. तिथे उभे राहिल्यावर कळले की दुसरी खोलीच नाही. त्या मुलीला बापापासून दूर राहायला त्या घरात जागाच नव्हती, हाताच्या अंतरावर ती दिवसरात्र होती, आणि तरी तिला जवळ घ्यायचे नाही, हे त्या माणसाने तीन वर्षे सांभाळले. १९८९ मध्ये बाळाला किरणे लागतील म्हणून मला खोलीबाहेर काढले होते. या माणसाला मुलांसकट आत राहावे लागले. मला तिथे उभ्याने रडू आले. यजमानांनी पाण्याची बाटली पुढे केली.

नऊला शेजारचे लहानसे संग्रहालय उघडले. तिकीट शंभर येनचे होते. नागाईंनी याच जागी शेजारपाजारच्या मुलांसाठी पुस्तकांची एक छोटी खोली केली होती, 'आमची पुस्तकांची पेटी' अशा अर्थाच्या नावाची, कारण जळून गेलेल्या त्या भागात मुलांना वाचायला काहीच उरले नव्हते. त्यांनीच लेखनातून मिळालेल्या पैशांतून १९४८ मध्ये उराकामीच्या उजाड टेकड्यांवर चेरीची एक हजार रोपे लावली. आम्ही गेलो तेव्हा बहर ओसरत आला होता, रस्त्याच्या कडेला पाकळ्यांचा थर होता. आपल्या सगळ्यांच्या पत्रकांच्या मुखपृष्ठावर साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराचीच छायाचित्रे आहेत आणि सहलीचे नावही बहुतेकांनी साकुरावरूनच ठेवले आहे. ज्या माणसाने राखेत हजार साकुरा लावले, त्याच्या दारावरून आपण बस पुढे नेता, हे मला सहन होत नाही.

सव्वादहाला आम्ही हॉटेलवर परत होतो, बसला एक मिनिटही उशीर झाला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण वेळ नव्हता असे मला सांगितले गेले आहे.

आता माझ्या तक्रारी. छापलेले ठिकाण दाखवले नाही, ही पहिली. आम्ही प्रत्येकी पैसे मोजले ते त्या छापील कार्यक्रमावर विश्वास ठेवून, आणि 'कार्यक्रमात बदलाचा हक्क राखीव' ही पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत घातलेली ओळ वादळासाठी, संपासाठी, आजारपणासाठी असते. दुकानासाठी ती वापरणे योग्य नाही.

दुसरी तक्रार मागणी नसल्याच्या उत्तराबद्दल आहे. ज्या घराची माहिती आपण प्रवाशाला कधी दिलीच नाही, त्याला मागणी कुठून येणार? त्या दिवशी बसमध्ये आम्ही झाली हकीकत सांगितली, तर सव्वीस नव्हे तरी नऊ-दहा जणांनी हळहळ व्यक्त केली. डोंबिवलीचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, आम्हालाही उठवले असते तर आम्हीही आलो असतो. ज्येष्ठांना बॉम्बच्या जागा नकोत, हेही खरे नाही. हिरोशिमा सगळ्यांच्या पत्रकात आहे आणि तिथे सगळे जातात. हिरोशिमाहून हाकाताला, म्हणजे फुकुओका शहराच्या स्थानकाला, शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि हाकाताहून नागासाकीला, ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलून, दीड तासाच्या आसपास. २०२२ पासून तो शेवटचा टप्पाही शिंकानसेनचा झाला आहे. अंतर हे कारण आता उरलेले नाही.

तिसरी तक्रार त्या वाक्याची आहे आणि तीच मला सर्वात जास्त लागली. आपल्यातले कितीतरी जण पालगडला साने गुरुजींच्या घरी मुलांना घेऊन गेलो आहोत. तिथे कोणी झुंबरे किंवा दालने बघायला जात नाही, आणि तिथून परतताना 'बघण्यासारखे काही नव्हते' असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मराठी प्रवाशाला लहान घर बघता येते. त्याला फक्त आधी सांगावे लागते की इथे कोण राहत होते. ते काम आपले आहे, आणि ते न करता आपण त्याच्या वतीने ठरवून टाकता की त्याला दुकानच हवे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक संस्थेने वर्षातून निदान एका जपान सहलीत नागासाकी पूर्ण दिवसासाठी ठेवावे आणि त्यात न्योकोदोसाठी पाऊण तास राखावा. त्या दिवशी दुपारचे जेवण सोबत बांधून द्यावे, मग वेळेचा प्रश्न सुटेल; मी स्वतः ठेपले, दशम्या आणि सुकी चटणी घेऊन गेले होते आणि आमचे भागले. खोलीपुढची जागा लहान आहे, म्हणून अठ्ठावीस जणांना एकदम उतरवू नये, आठ-दहांच्या गटांनी न्यावे, माइकवर बोलू नये आणि तो भाग वस्तीचा आहे याची जाणीव द्यावी. कार्यक्रमात बदल करायचा असेल तर तो प्रवाशांना लेखी कळवावा, आणि वगळलेल्या ठिकाणाची भरपाई खरेदीच्या वेळेने करू नये. प्रवासापूर्वीच्या बैठकीत थर्मल कपडे आणि विम्याची माहिती देता, त्याबरोबर नागाईंविषयी दोन पानांची मराठी टिपणी द्यावी. ती मी लिहून देते, तिचे मानधन नको. त्यात त्यांच्यावर झालेली टीकाही असेल. टूर मॅनेजर मंडळींशी तासभर बोलायलाही मी तयार आहे, शिकवण्याची सवय आहे. विभागात येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी बारा वर्षे शिकवले आहे.

सहप्रवाशांनाही एक विनंती. पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रम वाचा, नागासाकी आहे का ते विचारा, नसेल तर का नाही ते विचारा. संस्था कोणतीही असो, चार जणांनी विचारले की पाचव्या वेळी पत्रकात बदल होतो, हे मी इतर बाबतींत पाहिले आहे.

पुढच्या वसंतातील सहलींची पत्रके आपण दिवाळीच्या सुमारास छापता. त्याआधी मला आपले उत्तर हवे आहे, होकार असो वा नकार, पण लेखी. कार्यालयात बोलावलेत तर मी येईन. येताना शेवटच्या तिमाहीतला माझा टीएलडी बॅजचा अहवाल आणि पेन्सिलची खूण केलेला तो छापील कार्यक्रम, दोन्ही घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ
नौपाडा, ठाणे (पश्चिम)